न तोडण्याचं पुण्य कुणाचं?

कीर्तनात अहिंसेवर बोलताना समोर मोळी विकणाऱ्या बायाही बसलेल्या असतात. सातपुड्यातल्या पाल भागातल्या एका गावात त्यांतल्या एकीनं विचारलं, "बुवा, झाड तोडलं की पाप म्हणता, मग मी चूल कशानं पेटवू?" हा धर्माचाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर देणं माझ्यासारख्यावर बंधनकारक आहे.

आमच्या केळीपट्ट्याच्या डोक्यावरचं यावल अभयारण्य 1969 साली जाहीर झालं. सातपुड्याच्या या सुमारे 177 चौरस किलोमीटरांत दयाळ, हळद्या, बुलबुल या गाणाऱ्या पाखरांना कायद्याचं अभय आहे. ते हवंच. पण कायदा दुसऱ्याचा हात धरतो. व्रत स्वतःचा हात आवरायला लावतं.

असं व्रत साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं पाळलं. उजाड डोंगर बघून चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990 च्या दशकात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली. राखण गावाची, दंडही गावाचाच. या कोकणा आदिवासी घरांतही चुली होत्या, गुरं होती. झळ त्यांनीच सोसली. आज तिथं 400 हेक्टरांहून जास्त जंगल आहे. पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली.

हे जंगल वाढतं कसं, तेही पाहावं. तोडलेल्या धावड्याच्या बुंध्यातून धुमारे फुटतात. शेळीचं तोंड लागलं नाही, तर त्यांचीच झाडं होतात. बुलबुल उंबराची फळं खातो, दुसऱ्या झाडावर जाऊन बसतो आणि त्याच्या विष्ठेतून बी तिथं पडतं. गीतेचा चौथा अध्याय अकर्मातही कर्म पाहायला सांगतो. त्याचा अर्थ मला इथं लागला. माणूस थांबला की बाकीचे आपापलं काम करतात. मग 'जंगल मी उभारलं' हा कर्तेपणाचा अहंकार कुणी धरावा?

मात्र थांबायचं कुणी, हे आधी ठरायला हवं. ज्याच्या घरी गॅस आहे, त्यानं दुसऱ्याच्या सरपणावर पुण्य कमवू नये. म्हणून त्या मोळीवाल्या बाईला मी म्हणालो, "बाई, तुझ्या मोळीआधी माझ्या सागवानी दाराचा हिशेब व्हायला हवा." पाखरांवर निरूपण करताना आता मी हा हिशेब पहिल्या रांगेतल्या सधन मंडळींकडे मागतो. त्याग आपला असेल, तरच दुसऱ्याला धर्म सांगायचा अधिकार येतो.