गळ्यावरचा नंबर

औंढा तालुक्यातल्या एका गावात हळद पिकवणारा एक शेतकरी राहत होता. २०१० साली हळदीला कधी नव्हे तो भाव आला. वसमतच्या बाजारात हळद घातली, आणि आलेल्या पैशातून अक्षय तृतीयेला तो हिंगोलीहून काळी स्प्लेंडर घेऊन आला. गाडीला एमएच ३८ चा नंबर मिळाला. परभणीपासून वेगळं होऊन हिंगोली जिल्ह्याला अकराच वर्षं झाली होती. नंबरही तसा तरुणच होता.

पुढं त्या गाडीनं काय काय वाहिलं त्याची मोजदाद राहिली नाही. खताची पोती, फवारणीचा पंप, माहेरी आलेली लेक, महाशिवरात्रीला औंढ्याला जाताना मागं दोघं आणि पुढं टाकीवर लहानगं पोरगं. ते पोरगं मोठं झालं, हिंगोलीच्या कॉलेजात जाऊ लागलं, आणि त्याला गाडीची लाज वाटू लागली.

२०२५ च्या उन्हाळ्यात आरसी बुकातली पंधरा वर्षं भरत आली. जुन्या टेम्पोला आणि काळीपिवळीला दरवर्षी पासिंग करावं लागतं. घरच्या मोटारसायकलीला कायदा पंधरा वर्षं काही विचारत नाही. त्यानंतर मात्र ती आरटीओत नेऊन दाखवावी लागते, आणि पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळतात. तेव्हा फी हजार रुपये होती, मुदत चुकली की महिन्याला तीनशे जादा. जुन्या गाडीचा पर्यावरण कर वेगळा.

"तूच कर समदं," बाप म्हणाला. फी आणि कराचे पैसे त्यानं बाजूला ठेवले आणि वर तीन हजार पोराच्या हातात दिले. "चाचाला दाखव. तो सांगंल ते कर."

चाचा म्हणजे हिंगोलीतला म्हातारा मिस्त्री. त्यानं गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक हातानं फिरवलं, ब्रेक दाबला आणि खाली वाकून ड्रमवरचा बाण बघितला. बाण खुणेच्या पलीकडं गेला होता, म्हणजे आतले शू संपले होते. चेन लोंबत होती. एक इंडिकेटर मेला होता.

"शू टाक, चेन-स्प्रॉकेट बदल, हा इंडिकेटर बसव. बाकी गाडी चांगली हाय."

"आन् रंग?"

"रंग कशाला? रंगाला कोण पास करतंय?"

पोराला ते पटलं नाही. तपासणारा आधी काय बघणार? जे दिसतं तेच. त्यानं इंडिकेटर तेवढा बसवून घेतला, पीयूसी काढली आणि गाडी पेंटरकडं नेली. पेंटरनं लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, रंगाचे जाडजूड हात दिले. चेसिससुद्धा सोडली नाही. पोरानंच तसं सांगितलं होतं. टाकीवर लाल पट्टा आला, नवं सीट कव्हर आलं. तीन हजार संपले.

गाडी गावात आली तेव्हा पारावरची माणसं उठून बघायला आली. बापानं टाकीवरून हात फिरवला.

"बरी दिसायली. ब्रेकचं काय केलंस?"

"करू की पुढच्या महिन्यात."

बाप काही बोलला नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी बाजाराचं निमित्त सांगून तो गाडी घेऊन गेला, चाचाकडून उधारीवर पुढचे-मागचे शू टाकून घेतले आणि परत आला. पोराला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक सकाळीच आरटीओच्या मैदानात पोचले. धुळीनं भरलेल्या गाड्यांच्या रांगेत ही एकटीच चमकत होती. निरीक्षक आले. त्यांनी इन्शुरन्स आणि पीयूसी बघितली, दिवा लावायला सांगितला, हॉर्न ऐकला. मग हँडल एका अंगाला वळवून गळ्यापाशी वाकले. चेसिस नंबर तिथं ठोकलेला असतो. त्यांनी बोटानं चाचपलं. सगळं गुळगुळीत.

"नंबर कुठाय?"

"साहेब, पाटीवर हाय की. नवी एचएसआरपी बसवली."

"पाटी बदलता येते. हा नंबर दिसल्याशिवाय ही तीच गाडी आहे, असं मी कशावरून म्हणू?" ते शांतपणे म्हणाले. "साफ करून आणा. आज आणली तर आज बघतो."

पोरगा तणतणत चाचाच्या दुकानात शिरला आणि त्यानं कानस उचलली. चाचानं त्याचं मनगट धरलं.

"आकडा घासून गेला तर गाडी कुणाचीच नाही राहणार. मग पोलीस इचारतील, नंबर कामून खोडला."

चाचानं थिनरमध्ये भिजवलेलं फडकं नंबरच्या जागेवर दाबून ठेवलं आणि चहा सांगितला. चहा होईस्तोवर रंग मऊ पडला. मग त्यानं बांबूची एक काडी चाकूनं तासून पोराच्या हातात दिली. खाचेतला रंग पोरानं काडीनं उकरायचा आणि फडक्याला पुसायचा, असं चाललं. आधी एक आठ निघाला. मग त्याच्या शेजारचं अक्षर. कुठं लांबी घट्ट बसली होती, तिथं पुन्हा थिनर, पुन्हा थांबणं. पंधरा वर्षांपूर्वी कारखान्यात ठोकलेले आकडे होते, कडा अजून बोटाला लागत होत्या. चाचानं कागद वर धरून पेन्सिल आडवी फिरवली. सतराच्या सतरा अक्षरं उमटली.

दुपारी निरीक्षकांनी तो ठसा आरसी बुकाशी ताडून पाहिला. मग म्हणाले, "थोडी चालवून दाखवा. मी हात केला की थांबायचं."

पोराच्या पोटात गोळा आला. आता कुठं त्याला शूची आठवण झाली. हात वर झाला, त्यानं जीव मुठीत धरून ब्रेक दाबला, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यानं ब्रेककडं पाहिलं, मग बापाकडं. बाप लिंबाखाली बसून कुणाशी तरी हळदीच्या भावाचं बोलत होता.

तपासणाऱ्यानं त्या दिवशी खरं तर दोनच गोष्टी विचारल्या होत्या: तू तोच आहेस का, आणि वेळेला थांबशील का. पोरानं पहिल्याचं उत्तर हौसेनं रंगाखाली बुजवलं होतं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. चार लोकांनी बघावं म्हणून माणूस स्वतःला सजवतो, तेव्हा बहुधा ह्याच दोन जागा मारल्या जातात.

संध्याकाळी पोरगा चाचाकडं गेला. पेंटरला दोन शब्द सुनवायचे म्हणत होता.

"त्याला कामून? चेसिस रंगव म्हणलास, त्यानं रंगवली."

चाचानं शूची उधारी सांगितली. नंबर साफ केल्याचे काही लावले नाहीत. उलट बोटभर ग्रीस दिलं आणि म्हणाला, उघड्या लोखंडाला पावसाळ्यात गंज धरतो, हे लावून टाक. पोरानं ग्रीस लावलं, बोट फडक्याला पुसलं आणि चेन-स्प्रॉकेटला किती लागतील ते विचारलं.