घरातले कान

गुरुवारचा सत्संग आमच्या घरी असतो. आरती होते, प्रसाद वाटला जातो, मंडळी निघतात. तरी कोणीतरी मागे रेंगाळतेच. त्या दिवशी एक काकू थांबल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आईशी हळू आवाजात बोलू लागल्या. काय बोलल्या ते येथे लिहिणार नाही. भजने लावण्यासाठी मी आणलेला स्मार्ट स्पीकर तिथेच फडताळावर होता आणि त्यांच्या बोलण्याच्या मध्येच त्याचा दिवा पेटला. रात्री मोबाईलवर ॲप उघडले, तर काकूंच्या आवाजाचे काही सेकंद तारीख-वेळेसह जपून ठेवलेले दिसले.

साधकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे यंत्र असेल. दारावर कॅमेरा असेल, टीव्ही इंटरनेटला जोडलेला असेल. म्हणून हा प्रश्न आपल्यापुढे ठेवते आहे.

हे यंत्र दिवसभराचे सगळे बोलणे बाहेर पाठवत नाही. ते आपल्या नावाची वाट पाहत ऐकत असते. नाव ऐकू आले की पुढचे शब्द इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातात. पण नावासारखा दुसरा शब्द आला तरी ते फसते, आणि मराठी-हिंदी मिसळलेल्या घरात ते फसायला कितीसा वेळ? 2019 मध्ये उघड झाले की ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल यांच्या ध्वनिमुद्रणांपैकी काही नमुने यंत्राची समज सुधारण्यासाठी माणसे ऐकत होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये रिंग या कॅमेरा कंपनीवर ठपका ठेवला की तिच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातली खासगी चित्रणे पाहता येत होती. कंपनीने 58 लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले.

हे मी आमच्या सत्संगात सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ साधक म्हणाले, "अगं, लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची? परमेश्वर सगळे पाहतोच ना?"

ह्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. कारण तो खोटा नाही. अंतर्यामीच्या साक्षीपासून काही लपवावे असे साधकाला वाटू नये, हे खरेच. पण तो साक्षी आपल्याविषयी कळलेले कोणाला विकत नाही, आपण काय खरेदी करू याचा अंदाज बांधत नाही. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. प्रत्येक नावे नोंदीला कुठेतरी जमा नोंद असतेच, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. यंत्र स्वस्तात मिळाले, तर उरलेली किंमत कोणत्या खात्यात पडली हे विचारायला हवे.

भाषांतर करताना 'प्रायव्हसी' या शब्दापाशी मी नेहमी अडते. 'गुप्तता' म्हटले की काहीतरी चुकीचे झाकले जाते असे वाटते. 'गोपनीयता' सरकारी कागदासारखी वाटते. मला 'एकांत' जवळचा वाटतो. ध्यानाला बसताना आपण दार लावतो ते पाप लपवण्यासाठी नव्हे. आणि दुःख सांगायला आलेला माणूसही असाच लावलेल्या दाराचा आडोसा शोधत असतो.

शिवाय, त्या ज्येष्ठांचे उत्तर फार तर स्वतःपुरते चालेल. माझ्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, असे मी माझ्याविषयी म्हणू शकते. काकूंच्या वतीने ते म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? पतंजलींच्या पाच यमांमध्ये अस्तेय आहे. न दिलेले न घेणे, एवढा त्याचा साधा अर्थ. काकूंनी आपले शब्द आईला दिले होते, फडताळाला नव्हे. चोरी मी केली नाही, पण चोरकप्पा माझ्याच घरात होता.

कायद्याकडे पाहिले तर 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेल्या माहितीच्या वापराला तो लागू नाही. म्हणजे उंबरठ्याच्या आत कोणाचे किती ऐकायचे हे बरेचसे आपल्यावरच सोपवलेले आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींवर रोखलेला कॅमेरा, आजोबांच्या खोलीत 'त्यांच्याच काळजीपोटी' बसवलेला कॅमेरा: यांना आपण विचारले होते का? आजोबांची काळजी खरी असेलही, पण कपडे बदलताना त्यांनाही कोणी पाहू नये असे वाटते.

मी यंत्र फेकून दिले नाही. साठलेली ध्वनिमुद्रणे पुसली, पुढची आपोआप पुसली जावीत अशी मुदत लावली, आणि सत्संगाच्या दिवशी भजने संपली की त्याची तार काढून ठेवते. दारावरच्या कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला. 2016 मध्ये असे न बदललेले पासवर्ड वापरून 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती.

हे सोपे होते. काकूंना सांगणे अवघड गेले. पुसून टाकलेच आहे, आता उगाच कशाला त्यांच्या मनाला घोर, असे तीन गुरुवार मी स्वतःला समजावत राहिले. मग चौथ्या गुरुवारी सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. फडताळाकडे पाहून म्हणाल्या, "बरे झाले सांगितलेस." आणि आईला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेल्या.