हार कुणाच्या नावे?

माणसाला तीन गोष्टी कुणी न शिकवता येतात. सर्दीवर औषध सुचवणं, दुसऱ्याच्या घरच्या लग्नात जेवण कुठे फसलं ते सांगणं, आणि हरलेल्या संघाचा प्रशिक्षक बदलणं. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींत थोडा धोका तरी असतो. ज्याला औषध सुचवलं तो ते खरोखरच घेईल अशी भीती असते, आणि जेवणाबद्दल बोललेलं यजमानांच्या कानावर जातंच. तिसरीत मात्र कसलीच जोखीम नाही. आपण काढलेला प्रशिक्षक आपल्याला ओळखत नाही, आणि आपण नेमलेलाही ओळखणार नसतो.

आम्हा ठाकुर्लीकरांना या कामासाठी वेळही भरपूर मिळतो. फास्ट गाड्या बहुतेक ठाकुर्लीला ओळख न दाखवता निघून जातात. त्यामुळे डोंबिवलीहून फास्ट पकडणाऱ्याचा प्रवास सलामीची जोडी बदलेपर्यंत संपतो, तर आमच्या स्लो लोकलमध्ये अख्खी निवड समिती बरखास्त करूनही दोन स्टेशनं उरतात. आमच्या डब्यात हे काम अगदी रीतसर चालतं. ठाकुर्लीला प्रशिक्षकाबद्दल नुसती शंका निघते. दिव्याला आरोपपत्र तयार होतं. ठाण्याला त्याला बाजू मांडायची संधी दिली जाते. तो गाडीत नसल्यामुळे ती घेत नाही. मुलुंडच्या आत राजीनामा. विक्रोळी ते कुर्ला नव्या नावांवर विचार, आणि दादरला समिती ढकलाढकली करत उतरून जाते.

२०२५ च्या ऑक्टोबरात आमच्या समितीनं अमोल मुजुमदारांना काढलं. महिलांचा विश्वचषक चालू होता आणि आपल्या मुली दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याविरुद्ध ओळीनं तीन सामने हरल्या होत्या. खिडकीजवळच्या विमावाल्यांनी मुद्दा मांडला, "अहो, जो माणूस स्वतः भारताकडून एक सामना खेळला नाही, तो काय शिकवणार?" प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ११ हजारांवर धावा आणि पदार्पणातच २६० ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब होती. विमावाले स्वतः भारताकडून किती सामने खेळले, हे विचारायची आमच्या डब्यात पद्धत नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग झाला, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुली दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वविजेत्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. त्याच खिडकीजवळ तेच विमावाले भरल्या गळ्यानं सांगत होते, "शेवटी ज्याला स्वतःला भारताची टोपी मिळाली नाही, त्यालाच तिची किंमत कळणार हो!"

इथे माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट जागा झाला. व्हाउचर तेच, खातं तेच, रक्कम तीच. हा माणूस भारताकडून खेळला नाही, हीच नोंद ऑक्टोबरात त्याच्या नावे पडली होती आणि नोव्हेंबरात त्याच्याच जमा बाजूला. बँकेत कारकुनानं असं केलं तर त्याला घरी पाठवतात.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. हार झाली तर ती कुणाच्या नावे लिहायची? झेल सुटला तो सोडणाऱ्याच्या नावे, नो-बॉल गोलंदाजाच्या नावे, इथवर हिशेब सोपा आहे. पण सगळ्यांच्या नोंदी करूनही काहीतरी फरक उरतोच. नाणेफेक, दव, पाऊस, पंच, कुणाचा तरी मुरगळलेला घोटा. याच स्पर्धेत प्रतीका रावल जखमी झाली म्हणून ऐनवेळी शफाली वर्माला बोलावलं, आणि तिनं अंतिम सामन्यात ८७ धावा करून वर दोन बळी घेतले. आता तो घोटा कुणाच्या खात्यात टाकणार?

हिशेबात अशा वेळी सस्पेन्स खातं उघडतात. तेरीज जुळत नाही, चूक सापडत नाही आणि घरी तर जायचं आहे, तेव्हा उरलेला फरक तात्पुरता तिथे टाकायचा. प्रशिक्षक म्हणजे खेळातलं सस्पेन्स खातं. फरक एवढाच, की हिशेबनीस दुसऱ्या दिवशी येऊन खरी चूक शोधतो आणि ते खातं मिटवतो. आपण चूक शोधतच नाही, माणूसच मिटवतो.

याचं मोठं उदाहरण आमच्याच पेशातलं आहे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. १९७१ च्या जानेवारीत विजय मर्चंटांच्या निर्णायक मतानं पतौडींच्या जागी ते कर्णधार झाले आणि त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये, दोन्हीकडे मालिका जिंकून आले. मराठीत 'हार' हा शब्द मोठा सोयीचा आहे. फुलांच्या माळेलाही चालतो आणि पराभवालाही. १९७१ मध्ये वाडेकरांच्या गळ्यात पहिल्या अर्थाचे हार पडले. विजयाची आठवण म्हणून इंदूरला सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली गेली. १९७४ मध्ये हाच माणूस इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरला; लॉर्ड्सवर तर ४२ धावांत डाव आटोपला. इंदूरच्या बॅटची लोकांनी विटंबना केली. परतल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातसुद्धा जागा मिळाली नाही आणि त्यांनी निवृत्ती घेतली. पुढे १९९२ मध्ये ते संघाचे व्यवस्थापक झाले, म्हणजे आजच्या भाषेत प्रशिक्षकच. इंग्लंडला मायदेशात ३-० हरवलं तेव्हा कौतुक झालं. १९९६ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर बाटल्या पडल्या आणि थोड्याच दिवसांत तेही पद गेलं. एकाच माणसाला दोन्ही प्रकारचे हार, तेही दोन-दोनदा!

आमच्या डब्यात एक निवृत्त मास्तर आहेत. ते हा प्रश्न थेट कुरुक्षेत्रावर नेतात. कौरवांकडे भीष्म १० दिवस, द्रोण ५, कर्ण २ आणि शल्य जेमतेम अर्धा दिवस सेनापती होते. पांडवांचा धृष्टद्युम्न पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच. कौरवांचे सेनापती कुणी काढले नव्हते, ते रणात पडले, हे खरं. पण भीष्म आणि द्रोण मनापासून लढत नाहीत ही दुर्योधनाची कुरकुर मात्र अगदी मुलुंडच्या आतली होती. आणि द्रोणाचार्यांची गंमत बघा. पाच पांडव आणि शंभर कौरव, दोन्ही संघ त्यांनीच शिकवलेले. मग अर्जुनाचं यश त्यांच्या जमा करायचं, की दुर्योधनाची हार त्यांच्या नावे? आपल्या सरकारनं १९८५ पासून प्रशिक्षकांच्या पुरस्काराला द्रोणाचार्यांचं नाव देऊन निकाल लावला आहे. शेवटी हरलेल्या बाजूकडून लढलेल्या गुरूचं नाव!

हे खेळापुरतंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. एका शाखेत मी पाहिलं आहे. जवळचा कारखाना बंद पडला, कामगारांनी ठेवी मोडल्या, शाखेचे आकडे घसरले आणि मॅनेजरसाहेबांची दूर कुठेतरी बदली झाली. नवे साहेब आले तेव्हा आसपासच्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधायची लाट आली होती. लोकांच्या हातात पैसा आला, ठेवी फुगल्या, साहेबांचा हार-नारळ देऊन सत्कार झाला. पहिल्यांनी कारखाना बंद पाडला नव्हता आणि दुसऱ्यांनी एकही इमारत पाडली नव्हती.

"म्हणजे कुणाला कधी काढायचंच नाही का?" मास्तरांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. अकरा जण बदलता येत नाहीत म्हणून एकाला बदलणं हा न्याय नव्हे, सोय आहे. पण काही वेळा तो एक माणूस खरोखरच नको असतो, आणि तेव्हा बाकीच्या अकरा जणांवर अन्याय होत असतो. हे ओळखायचं कसं? मला एक साधी कसोटी सुचते. जो दोष आज सांगताय, तो परवाचा सामना जिंकला असता तरी दोषच राहिला असता का?

ग्रेग चॅपेलना ही कसोटी लावून पाहा. खेळाडूंना वागवण्याची त्यांची रीत चुकीची आहे, ही तक्रार २००५ मध्येच वर्तमानपत्रांत गाजत होती. २००६ मध्ये संघानं वेस्ट इंडीजमध्ये कसोटी मालिका जिंकली. तिथे असं १९७१ नंतर प्रथमच घडत होतं. तेव्हा फारसं कुणी तक्रार करेना. २००७ च्या विश्वचषकात बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरल्यावर ती तक्रार सगळ्यांना एकदम आठवली. तक्रार खरी असेल तर ती २००६ मध्येही खरी होती आणि तेव्हाच तिची तड लावायला हवी होती. खोटी असेल तर २००७ मध्येही खोटीच. बांगलादेशाला त्यात साक्षीला आणायचं कारण नव्हतं.

चंद्रकांत पंडितांची शिस्त कडक, हे जगजाहीर आहे. त्यांच्या हाताखाली मुंबईनं २०१५-१६ ची रणजी जिंकली, पुढच्या वर्षी अंतिम सामना हरली, आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक बदलला. पंडित विदर्भाकडे गेले. विदर्भानं आयुष्यात पहिल्यांदा रणजी जिंकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. मग ते मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये त्यांच्या संघानं अंतिम सामन्यात हरवलं ते मुंबईलाच. त्या दिवशी हरलेल्या मुंबईचा प्रशिक्षक कोण होता? अमोल मुजुमदार. दोघेही आचरेकर सरांचे शिष्य. शिस्त तीच, पण संघ जिंकत असताना तिला करडी म्हणतात आणि हरला की जाच.

माझी कसोटी डब्यात फारशी मान्य झालेली नाही. विमावाल्यांचं म्हणणं असं, की एवढा विचार करायचा तर मॅच बघायची कशाला? त्यांचंही खरं आहे. संघ हरला की आपला जीव तळमळतो आणि त्या तळमळीला बसायला एक नाव लागतं. ते नाव म्हणजे एक माणूस असतो, त्यालाही घर असतं, आणि त्याच्या घरीही सकाळी पेपर येतो, एवढंच आपण विसरतो.

तेव्हा प्रशिक्षक बदलायचा असेल तर जरूर बदला. पण बँकेत एक नियम आहे, तो इथेही लावावा असं मला वाटतं. खातं बंद करता येतं, मात्र बंद करताना शिल्लक खातेदाराच्या हातात द्यावी लागते. जाणाऱ्या माणसानं घडवलेले दोन-चार खेळाडू, सुधारलेली एखादी सवय, मैदानावर मोडलेला आळस, जे काही त्याच्या जमा असेल ते मोजून, सही घेऊन त्याला परत करावं. मग हवा तर हार घालावा. फुलांचा.