ताळा

सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्या ओट्याशी एक प्रश्न हमखास येऊन उभा राहतो. "आजी, इथं बेरीज करू की वजाबाकी?" नातू दुसरीत आहे. हातात वही आणि पेन्सिल, शाळेची रिक्षा यायला वीस मिनिटं. माझ्या जिभेवर उत्तर तयारच असतं. ते सांगून टाकलं की गृहपाठ संपतो आणि पोळ्याही वेळेवर होतात. हल्ली मात्र मी ते गिळते.

परवाचं उदाहरण असं होतं : मावशीच्या टोपलीत काही पेरू होते. त्यातले ७ तिने मुलांना वाटले. आता टोपलीत १८ पेरू उरले. तर आधी टोपलीत किती पेरू होते?

त्यानं 'उरले' या शब्दाखाली रेघ मारली. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, अशी खूणगाठ त्यानं पक्की बांधून ठेवलेली. १८ वजा ७, उत्तर ११. अक्षर छान, उत्तराखाली दोन रेघा.

मी शेंगदाण्यांचा डबा पुढे केला. "बरं, अकरा तर अकरा. आता तू मावशी हो आणि पेरू वाट." त्यानं अकरा दाणे मोजून वाटीत टाकले, सात उचलून बाजूला ठेवले. वाटीत चार राहिले. तो एकदा वाटीकडे आणि एकदा वहीकडे बघत राहिला. "पण इथं तर अठरा उरलेत." थोडा वेळ गेला. मग स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे वाटलेले परत टोपलीत टाकायचे." उत्तर २५ आलं. बेरीज हा शब्द त्यानं उच्चारलासुद्धा नाही.

शाब्दिक उदाहरण पायरीपायरीनं सोडवावं, असं आपण मुलांना सांगतो. काय दिलंय, काय विचारलंय, रीत कोणती आणि शेवटी ताळा. जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अशाच चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा, मागे वळून पाहा. मधल्या दोन आपण मुलांकडून घोटून घेतो. पहिली आणि शेवटची मात्र घाईत राहून जाते, आणि नेमक्या त्याच दोन पायऱ्यांवर उदाहरणातली माणसं भेटतात.

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना एक उदाहरण घातलं होतं. एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर १,१२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर आला. पण ३२ बस हे उत्तर फक्त २३ टक्के मुलांनी दिलं. पुष्कळांनी लिहिलं, '३१ बस, बाकी १२.' भागाकारात काही चूक नव्हती, पण बारा सैनिक रस्त्यावर उभे राहिले होते आणि ते कुणाला दिसले नव्हते.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त भुंग्यांचं एक उदाहरण आहे. थव्यातला एक पंचमांश भाग कदंबावर गेला, एक तृतीयांश शिलिंध्राच्या फुलांवर, आणि या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर. उरला एक भुंगा, केतकी आणि मालतीच्या गंधामध्ये घुटमळणारा. तर थवा केवढा? उत्तर पंधरा : तीन, पाच, सहा आणि तो एक. सगळं उदाहरण त्या एकट्या भुंग्यावर उभं आहे. तो नजरेतून सुटला तर थवा कधीच मोजता येणार नाही.

मोठेपणी आपणही 'उरले'खाली रेघ मारतच असतो. समोरच्याच्या बोलण्यातला एक शब्द कानावर पडतो, तो ओळखीचा वाटतो आणि त्याचं म्हणणं पुरं व्हायच्या आत आपलं उत्तर तयार असतं. ते उत्तर त्याच्या आयुष्यात बसतंय का, हे बघायला आपण परत जात नाही.

म्हणून आज तुमच्या घरात कुणी वही घेऊन आलं आणि 'बेरीज की वजाबाकी?' असं विचारलं, तर एवढंच म्हणा : "आधी मला गोष्ट सांग." पुस्तक मिटून सांगू दे. आकडे विसरले तरी चालतील. कुणाकडे काय होतं, मग काय झालं आणि आपल्याला काय शोधायचंय, एवढं त्याच्या तोंडून येऊ दे. उत्तर आलं की ते हातात घेऊन दोघं मिळून त्या गोष्टीत परत जा. मावशीचे पेरू पुरतात का, त्या बारा जणांना बसमध्ये जागा मिळाली का, ते बघून या.