अलक्ष्मी कुठे जाते?

लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवीत अलक्ष्मीला घराबाहेर घालवायची चाल माझ्या आजीने अखेरपर्यंत पाळली. लहानपणी मी एकदा विचारले, "आजी, ती मग जाते कुठे गं?" आजी म्हणाली, "जिथं घाण असेल तिथं. नीज आता."

त्या प्रश्नाने मला पुढे पुनावळ्यात गाठले. इथल्या वनखात्याच्या जमिनीवर पिंपरी-चिंचवडचा कचरा डेपो व्हायचा होता. लोकांनी विरोध केला, मीही केला. आमची भीती खोटी नव्हती. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन वायू धरतो आणि ढीग पेटतो. पावसात त्याचे काळे पाणी झिरपत विहिरींत उतरते. आणि पवना तर गावाच्या कडेनेच वाहते. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात उद्योगमंत्री उदय सामंत यांनी डेपो रद्द झाल्याचे जाहीर केले. आम्हांला कोण आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी घंटागाडी नेहमीसारखी आली. मी बादली रिकामी केली आणि मनात आले, ही आता मोशीला जाणार. तिथल्या ८१ एकरांवर १९९१ पासून साऱ्या शहराचा कचरा पडतो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे कचऱ्यापासून वीज करणारा १४ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, हे चांगलेच झाले. पण माझ्या बादलीतला ओलासुका काला भट्टीतही नीट जळत नाही. आणि मोशीतही माणसेच राहतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने सुरक्षिततेचा अर्थ सरहद्दीवरून उचलून माणसाच्या अन्नापाशी, आरोग्यापाशी, परिसरापाशी आणला. मला तो पटतो. परंतु माझी सुरक्षितता शेजाऱ्याच्या वाट्यातून काढून घेतलेली असेल, तर तिला सुरक्षितता म्हणावे की नुसती चतुराई? विरोधाचा हक्क मला होता, असे आजही वाटते. त्या हक्कापाठोपाठ आलेले कर्ज मात्र मी फेडले नव्हते.

आता आमच्या घरी दोन बादल्या आहेत आणि गच्चीत खताचे एक पिंप. त्याने मोशीचा डोंगर खचणार नाही, हे मला कळते. पण यंदा सूप वाजताना नातीने तोच प्रश्न विचारला, तर "नीज आता" म्हणायची पाळी माझ्यावर येऊ नये, एवढेच वाटते.