दुसरे पाचारण

वणी तालुक्यातील एका गावी गेली 12 वर्षे मुलांस शिकवीत असलेल्या आमच्या एका बंधूने आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. तो त्यांचा एकट्याचा नसल्यामुळे त्याचा विचार येथे उघडपणे करीत आहोत.

2017 साली कपाशीवरील फवारणीच्या विषाने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात न्यावे लागले, हे वाचकांस आठवतच असेल. त्या दिवसांत हे बंधू आपल्या एका शेजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसून होते. घाम, थरथर व कोंडलेला श्वास ते पाहत होते. परंतु काय पाहावे व डॉक्टरांस काय सांगावे हे त्यांस कळत नव्हते. तेव्हापासून शाळा सोडून डॉक्टरांचे सहायक होण्याचे शिक्षण घ्यावे, ही इच्छा त्यांच्या मनात आहे. ते विचारतात, “देवाने एकदा नेमून दिलेले काम सोडणे हा अविश्वासूपणा नव्हे काय?”

प्रथम हे काम कोणते ते पाहू. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 1965 साली असे सहायक तयार करण्यास आरंभ केला. त्यांचे पहिले चार विद्यार्थी नौदलात रुग्णसेवा करून आलेले होते. म्हणजे ते दुसऱ्या कामातूनच इकडे वळले. आपल्या देशात हे शिक्षण 1992 साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाले, आणि 2021 च्या कायद्याने या व्यवसायास मान्यता दिली. सहायकाने रोग्याची हकीकत घ्यावी, त्यास तपासावे, उपचाराचा पाठपुरावा करावा. परंतु हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आता प्रश्नाकडे वळू. ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत राहावे, असे पौलाने करिंथकरांस लिहिले आहे खरे. परंतु तेथे तो सुंता झालेले व न झालेले, दास व स्वतंत्र, यांविषयी बोलत आहे. देवापाशी येण्यास आधी आपली जात वा दर्जा बदलावा लागत नाही, हा त्याचा आशय आहे. मनुष्याने एकदा धरलेला धंदा कधी सोडू नये, असा त्याचा अर्थ केला तर पेत्राने जाळी टाकली हे चुकले, आणि मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला हेही चुकले, असे म्हणावे लागेल.

वय झाले, ही अडचणही मोठी नव्हे. वर्धा नदीपलीकडे वरोरा येथे बाबा आमटे वकिली करीत होते. रस्त्याकडेला पावसात पडलेल्या एका कुष्ठरोग्यास पाहून ते भ्याले व पळाले. मग त्या भयाचीच त्यांस लाज वाटली. वयाच्या पस्तिशीत, 1949 साली, त्यांनी कलकत्त्यास उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात जाऊन कुष्ठरोगावरील उपचार शिकून घेतले. ते डॉक्टर झाले नाहीत. जे शिकले तेवढ्यावर त्यांनी रोग्यांची सेवा आरंभिली, आणि त्यांतून आनंदवन उभे राहिले. ते आपल्या मंडळीचे नव्हते. परंतु जखमी मनुष्यास टाळून न जाणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट आपण वाचतो, ती त्यांनी करून दाखविली.

तर मग खरी अडचण कोठे आहे? आमच्या मते ती दोन ठिकाणी आहे.

पहिली घरात. हे शिक्षण बहुधा चार वर्षांचे असते, आणि बहुतेक ठिकाणी त्यास बारावी शास्त्र शाखेची अट असते. तेवढा काळ घरी पगार नाही. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने सांगितले आहे. हा हिशेब पत्नीसह बसून करावा. पतीने त्यागाचा मान घ्यावा आणि उपास पत्नीने व लेकरांनी काढावे, यास आम्ही त्याग म्हणत नाही. पत्नी मनापासून हो म्हणत नसेल तर थांबावे. थांबणे म्हणजे नाकारणे नव्हे.

दुसरी अडचण अंतःकरणात आहे, व ती अधिक कठीण. शाळेत हे बंधू स्वतः गुरुजी आहेत. तेथे ते दुसऱ्याच्या हाताखाली राहतील. कदाचित वयाने लहान असलेला डॉक्टर त्यांची चूक दाखवील. उलट, गावी आले की लोक त्यांस ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतील. त्या क्षणी “मी डॉक्टर नव्हे, हे माझ्या ज्ञानापलीकडचे आहे, आत्ताच गाडी जोडा,” असे म्हणण्याचे धैर्य त्यांच्या अंगी हवे. खेड्यात अर्धवट ज्ञानाने जीव जातो, आणि तो बहुधा दुष्टपणाने नव्हे, तर “मला ठाऊक नाही” हे तीन शब्द न उच्चारल्याने जातो. ज्यास दुसऱ्या जागी राहणे अपमान वाटते त्याने या वाटेस जाऊ नये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपण कोण नाही हे आधी सांगितले. म्हणूनच त्याची साक्ष खरी ठरली.

म्हणून आमचे उत्तर असे: काम बदलणे हा अविश्वासूपणा नव्हे, काम टाकून पळणे हा होय. ज्यास शाळा नकोशी झाली आहे त्यास रुग्णालयही नकोसे होईल. या बंधूंनी वर्गातील मुले दुसऱ्या शिक्षकाच्या स्वाधीन होईपर्यंत राहावे. तोवर सुट्टीच्या दिवशी जवळच्या रुग्णालयात परवानगीने जाऊन रोग्यांची पाणी-भांडी करावी. सहा महिने ते केल्यावरही इच्छा टिकली, तर ती केवळ त्या एका रात्रीच्या हळहळीची नव्हे असे समजावे.

आणि मंडळीस आम्ही विनवितो की, असा कोणी बंधू वा भगिनी निघाल्यास “या वयात हे काय?” असे म्हणू नका. चार वर्षे त्यांच्या घरी ज्वारीची एक एक पायली पोचवा. तीही रुग्णसेवाच होय. प्रिय वैद्य लूक पौलासोबत चालला. त्या दोघांस वाटेत कोणी ना कोणी भाकरी दिलीच असेल. त्यांतील सर्वांची नावे लिहिली गेली नाहीत, पण देवास ती ठाऊक आहेत.