खिडकीबाहेरच्यांसाठी प्रार्थना

पांडुरंगा, फेब्रुवारी उजाडला की तुझ्यापुढे हात जोडणाऱ्यांची गर्दी वाढते. आधी बारावी, मग दहावी. राज्यभरातली तीस लाखांच्या आसपास मुलं बाकांवर बसतात आणि घरोघरी त्यांच्यासाठी दिवे लागतात. मुलांसाठी मागणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी आज शाळेच्या कंपाउंडबाहेर उभ्या असलेल्या माणसांसाठी मागते आहे.

तू त्यांना पाहतोस. पाण्याच्या पाइपाला धरून वर चढणारा भाऊ, बारीक अक्षरांतल्या झेरॉक्सचे तुकडे खिशात घेऊन थांबलेला काका, पोरीला इंग्रजी जमत नाही म्हणून रात्रभर डोळा न लागलेली आई. यातलं कुणी एरवी दुसऱ्याच्या शेतातली काकडीसुद्धा विचारल्याशिवाय तोडणार नाही. दुकानदाराने चुकून दहा रुपये जास्त दिले तर अर्ध्या वाटेतून परत फिरतील. कुणाच्या गळ्यात तुझी माळ आहे. आणि तरी गणिताच्या पेपरला ही माणसं कॉपी पुरवायला भिंत चढतात. देवा, ही वाईट नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच माझ्या पोटात गोळा येतो. वाईटांमागे पोलीस तरी लागतात. चांगल्या माणसांनी मायेपोटी, एकमेकांच्या संमतीने केलेल्या लबाडीला कोण अडवणार?

त्यांच्या पोटात भीती आहे, आणि ती खोटी नाही. पोरगा नापास झाला तर दिवाळीनंतर त्याच्या हातात कोयता येईल आणि तो मुकादमाच्या टोळीबरोबर उसाच्या फडात जाईल. पोरगी नापास झाली तर मामा स्थळ घेऊन दारात येईल. भिंतीच्या आत उभ्या असलेल्या शिक्षकालाही भीती आहे. निकाल पडला की पट घसरतो, तुकडी तुटते आणि तो अतिरिक्त ठरतो. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं बिनपगारी काढलेल्या माणसाला केंद्रसंचालक हळू आवाजात सांगतात, पोरांना सांभाळून घ्या. तो मान हलवतो. आपण मदत करतोय, असं त्याला मनापासून वाटतं.

इथेच माणूस घसरतो असं मला वाटतं. २०१९ साली काही संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत त्यांनी सतरा हजारांहून अधिक पाकिटं, रस्त्यात सापडली असं सांगून, बँकांच्या, हॉटेलांच्या, टपाल कार्यालयांच्या काउंटरवर दिली आणि मालकाला ती परत मिळतात का ते पाहिलं. पैसे असलेली पाकिटं पैसे नसलेल्या पाकिटांपेक्षा जास्त परत आली. रक्कम वाढवली तेव्हा आणखी जास्त. चोर म्हणून स्वतःकडे पाहणं माणसाला सोसत नाही, असं त्यांनी त्याचं एक कारण सांगितलं. हे वाचून तुझ्या लेकरांबद्दल मला फार माया वाटली. पण पाकिटाला मालक असतो, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येतो. कॉपीत कुणाचं काय गेलं, हे कुणाला दिसत नाही. शेजारच्या बाकावरचाही लिहितोच आहे, मग चोरी कसली, असं मन स्वतःला समजावतं आणि बिनबोभाट पुढे जातं.

ज्याचं जातं ते मूल मला दिसतं, पांडुरंगा. मी शिक्षिका आहे, पर्यवेक्षणाला उभी राहते. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केलेली मुलगी बाकावर बसलेली असते, आणि आजूबाजूला उत्तरं फिरायला लागतात. ती आधी माझ्याकडे बघते, मग दाराकडे, मग खाली मान घालून लिहू लागते. त्या तीन तासांत ती जे शिकते ते कुठल्या पुस्तकात नाही. आणि ज्याच्या हातात चिठ्ठी येते त्याचं तर त्याहून जास्त जातं. त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसांनी त्याला न बोलता सांगितलेलं असतं की तुझ्या डोक्यावर आमचा भरवसा नाही. पुढे तो पास होतो, नोकरीला लागतो, पण कोरा कागद समोर आला की त्याचा हात थरथरतो.

मग ही कीड पसरते. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवले गेले आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. त्यातले काही तोवर वर्गात उभे राहून शिकवत होते. त्याच्या आधीच बारावीच्या गुणांवरचा विश्वास उडाला होता, प्रवेशासाठी वेगळ्या परीक्षा आल्या, तसे क्लास आले आणि त्यांची लाखालाखांची फी आली. विश्वास उडण्याचं ते एकच कारण नव्हतं, पण ते कारण होतं. ज्या गरिबाच्या पोराला पास करायला काका भिंत चढला, त्याच पोराच्या डोक्यावर ही फी बसली. मग अशाच एका मोठ्या परीक्षेचाही पेपर फुटला. २०२४ च्या नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला, तेवीस लाखांहून अधिक मुलं बसली होती. पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. २३ जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारेपर्यंत, इमानाने अभ्यास केलेली मुलं तोंड लपवावं तशी घरात बसून होती. खऱ्या गुणांकडेही संशयाने पाहिलं जात होतं.

कायदे आहेत, देवा. राज्यात १९८२ पासून आहे, केंद्राचा २०२४ मध्ये आला. भरारी पथकं आहेत, बैठी पथकं आहेत, आता केंद्रावर ड्रोन फिरतात. ते असू देत, त्यांचा धाक हवाच. मी तुझ्याकडे जे मागते ते त्यांच्या हातात नाही.

उद्या पहिल्यांदाच पर्यवेक्षणाला जाणाऱ्या तरुण शिक्षकाच्या पायांत बळ दे. सांभाळून घ्या म्हणणाऱ्या वरिष्ठांना, सर, मी तसं करणार नाही, एवढं एक वाक्य आवाज न चढवता बोलायची त्याला हिंमत दे. स्टाफरूममध्ये तो एकटा पडेल, तेव्हा कुणाला तरी त्याच्या शेजारी चहा घेऊन बसायची बुद्धी दे.

ज्या शाळेत वर्षभर गणिताचा शिक्षक नव्हता तिथे मार्चमध्ये पथक पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला सही करताना ती रिकामी जागा आठवू दे, आणि जूनमध्ये माणूस पाठवल्याशिवाय त्याला चैन पडू देऊ नकोस. संस्थाचालकांना शंभर टक्के निकालाच्या हव्यासातून सोडव. वर्तमानपत्रांत गुणवंतांचे फोटो झळकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना पस्तीस टक्क्यांच्या पोराशीही प्रेमाने बोलायला शिकव.

भिंतीवरच्या त्या भावाला सुखरूप खाली उतरव. त्याचे कष्ट खोटे नाहीत, त्याची माया खोटी नाही, ती कुठे खर्चायची एवढंच त्याला दाखव. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, मार्चमध्ये गेलेला विषय तेव्हा पुन्हा देता येतो, हे गावागावांतल्या आईबापांच्या कानावर घाल. आणि त्या आईची मुलगी इंग्रजीत नापास झालीच, तर निकालाच्या रात्री घरात कुणी तिच्या लग्नाचा विषय काढू नये, एवढं कर. सकाळी तिच्या बापाला तिच्याबरोबर शाळेत पाठव, पुरवणीचा अर्ज भरायला.